मृगाआधीचं ऑइल : गॅरेजात की घरी?

रोहिणी लागली की आपल्या इकडं दोन ठिकाणी गर्दी होते. एक कृषी केंद्रावर आणि दुसरी ट्रॅक्टरच्या गॅरेजसमोर. काटोल असो, कळमेश्वर असो की सावनेर, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गॅरेजसमोर सात-आठ ट्रॅक्टर उभे असतात. मिस्त्री एक आणि हाताखाली दोन पोट्टे. त्यातला एक चार महिन्यांपूर्वी कामाला लागलेला. वर ४५ अंशाचं ऊन, आणि येणारा प्रत्येक जण म्हणतो, "माझं पहिले करून दे बाप्पा, मले उद्या रोटाव्हेटर मारायचा आहे." मिस्त्री कुणाच्या तरी क्लचमध्ये नाहीतर पंपात गुंतलेला. मग ऑइल बदलायचं काम त्या नव्या पोट्ट्याकडं जातं. सगळ्यांना वाटतं त्यात काय एवढं, जुनं सोडा, नवं टाका.

काम सोपं आहेच, मी नाही म्हणत नाही. पण त्याच कामात एक चांगलं इंजिन कसं गेलं ते मागच्या जूनमध्ये आमच्या शिवारात पाहिलं. अजूनही लोक त्याला 'नशीब' म्हणतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या शेजारच्या काकांचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर, ४५ एचपीच्या आसपासचा. काम नियमित, ऑइल वेळेवर. जूनच्या पहिल्या आठवड्यात रोडवरच्या एका गॅरेजात ऑइल आणि फिल्टर बदलून आणला. ऑइल सीलबंद डब्यातलं होतं, फिल्टर कंपनीचा होता. तिसऱ्या दिवशी रात्री मुलगा रोटाव्हेटर मारत होता. दिवसा ऊन सोसत नाही म्हणून सगळेच रात्री मारतात. नऊ-साडेनऊला इंजिनचा आवाज बदलला, खडखड सुरू झाली आणि तासाच्या मध्यातच इंजिन जाम. मी गेलो तेव्हा टॉर्चच्या उजेडात मागची दोन तासं ऑइलनं ओली दिसत होती.

"काऊन रे, मीटरवरचा ऑइलचा लाइट लागला होता का?"

"हाव जी, लागला होता. पन मले वाटलं वायर लूज असंन. आताच तं ऑइल बदलवलं ना."

त्या पोराला मी दोष देत नाही. नवीन ऑइल टाकून तीन दिवस झालेत, लाइट लागला तर कुणाचंही मन वायरकडंच जाईल.

सकाळी फिल्टर काढला. फिल्टरच्या तोंडाशी एक रबरी रिंग होती, ती नव्या फिल्टरची. आणि इंजिनच्या बाजूला, जिथं फिल्टर बसतो त्या तोंडाला, दुसरी रिंग चिकटलेली. ती जुन्या फिल्टरची. जुना फिल्टर खोलताना त्याची रिंग उष्णतेनं तिथंच चिकटून राहिली, पोट्ट्यानं पाहिलं नाही आणि त्याच्यावरच नवा फिल्टर आवळला. रबरावर रबर बसलं. अशी जोडी काही तास, कधी दोन-तीन दिवसही धरते. मग इंजिन लोडवर आलं, ऑइलचा दाब वाढला की एक रिंग बाहेर सरकते, आणि पंप सगळं ऑइल त्या फटीतून वावरात फेकतो. सहा-सात लिटर ऑइल जायला काही मिनिटं पुरतात.

क्रँक नागपूरला घासायला गेला. बेअरिंगा नवीन, दोन लाइनर नवीन. ट्रॅक्टर सतरा दिवसांनी परत आला. पैसा गेला तो गेलाच, पण खरं नुकसान दुसरं होतं. आपण सगळे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत थांबतो आणि मग वाफसा आला की दोन-चार दिवसांत उरकतो. काळ्या जमिनीत वाफसा कुणासाठी थांबत नाही. काकांनी चार एकर कपाशी बैलजोडीवर वेळेत लावून घेतली. बाकी वावरासाठी भाड्याचा ट्रॅक्टर मागत फिरले, पण त्या आठवड्यात भाड्याचा ट्रॅक्टर मोकळा असतो कुणाचा? सोयाबीन दहा-बारा दिवस मागं पडलं आणि फुलावर असताना पावसाच्या खंडात सापडलं.

गॅरेजवाला म्हणाला, ऑइल गळालं ते तुमच्या वावरात, माझ्या दुकानात नाही. काकांच्या मुलानं फिल्टर काढतानाच दोन्ही रिंगांचे फोटो काढून ठेवले होते, गॅरेजची चिठ्ठीही होती. ते दाखवल्यावर निम्मा खर्च द्यायला तयार झाला. ही गोष्ट लक्षात ठेवा मंडळी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पैसे घेऊन केलेल्या कामातली हलगर्जी ही सेवेतली त्रुटी आहे, आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरलेला ट्रॅक्टर असेल तर आपण ग्राहकच ठरतो. जिल्हा आयोगाकडं दोन वर्षांच्या आत जाता येतं, दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. पण हातात चिठ्ठी नसेल तर बोलायलाच जागा राहत नाही. पन्नास रुपयांच्या सुताचंही बिल आपण जपून ठेवतो, मग ऑइल बदलल्याचं का नाही?

आता माझं मत. ऑइल घरी बदलावं. तीनशे-पाचशे मजुरी वाचते म्हणून मी हे सांगत नाही, तेवढ्यासाठी हात काळे करायची गरज नाही. गॅरेजात ट्रॅक्टर पैसे दिल्याबरोबर हलतो, मागं दुसरा उभाच असतो. ऑइल बदलल्यावरची पहिली दहा मिनिटं कुणीच खाली वाकून बघत नाही, आणि चूक झाली असेल तर ती बहुतेक वेळा त्याच दहा मिनिटांत दिसते. घरी तो ट्रॅक्टर आपल्याच अंगणात उभा असतो. इंजिन चालू करा, दाबाचा लाइट काही सेकंदांत विझला का बघा, मग खाली जमिनीवर पुठ्ठा टाकून दहा मिनिटं चालू द्या. पुठ्ठ्यावर एक थेंब पडला तरी समजतं.

दुसरं म्हणजे निघालेलं ऑइल. गॅरेजात ते सरळ ड्रममध्ये जातं, आपल्या नजरेस पडत नाही. इंजिनच्या पोटात काय चाललंय हे सांगणारी तीच एक वस्तू आहे आणि आपण ती न बघता सोडून येतो. मला बरेच जण विचारतात, "भाऊ, ऑइल काळं झालं, खराब झालं का?" डिझेल इंजिनचं ऑइल काळं होणारच, ते काजळी आपल्यात धरून ठेवतं, तेच त्याचं काम. बघायचं ते वेगळं असतं. चहासारखं दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय, हेड गॅस्केट किंवा लाइनरची रिंग बघावी लागेल. पातळ झालं, डिझेलचा वास येतो आणि डिपस्टिकवरची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढली, तर डिझेल आत उतरतंय. तसं चालवत राहिलात तर बेअरिंग जाणार. बोटाच्या चिमटीत घासून पाहा, कचकच लागली तर एअर क्लीनरकडं जा. मी निघालेल्या ऑइलमधून स्पीकरचं जुनं चुंबक फिरवतो आणि जुना फिल्टर हॅक्सॉनं कापून त्याचा कागद उलगडून बघतो. लोखंडाचा बारीक काळा भुगा थोडाफार असतोच. पितळ-तांब्यासारखी चमक दिसली तर मात्र बेअरिंगचा निरोप आला समजा.

बाकी रीत साधी आहे. ट्रॅक्टर सपाट जागेवर घ्या. धुऱ्याच्या उतारावर डिपस्टिक खोटं सांगते, आणि मग 'कमी आहे' म्हणून लिटरभर जास्त टाकलं जातं. जास्त ऑइल क्रँकनं घुसळून फेसाळतं, ब्रीदरमधून बाहेर येतं, धूर होतो. इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालवून कोमट करा, म्हणजे गाळ ऑइलबरोबर निघतो. मात्र कामावरून आल्या आल्या प्लग खोलू नका, हात भाजेल. प्लगखाली घमेलं ठेवा आणि अर्धा तास थेंब थेंब गळू द्या. गॅरेजात एवढा वेळ कुणाला असतो? प्लगची तांब्याची वायसर दरवेळी नवीन घातलेली बरी. नसेलच तर जुनी लालभडक तापवून पाण्यात बुडवा, तांबं पुन्हा मऊ होतं आणि नीट बसतं. प्लग आधी हातानं तीन-चार आटे फिरवायचा. हातानं फिरत नसेल तर वाकडा चढतोय, पाना लावूच नका. गॅरेजात मोठ्या पान्यानं, कधी पाइप घालून आवळलेले प्लग मी पाहिलेत. पुढच्या वेळी खोलताना आटेच घेऊन बाहेर येतात. ट्रॅक्टरचा चेंबर बहुधा बिडाचा, थोडं सोसतो. मोटरसायकलचा ॲल्युमिनियमचा असतो, तिथं एका जोरात काम तमाम.

फिल्टर काढल्यावर तोंडाला बोट फिरवून जुनी रिंग आली का बघा. काकांच्या इंजिनवरून मी एवढं केलं, की जुन्या फिल्टरला रिंग दिसल्याशिवाय नव्याला हात लावत नाही. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावायचं, रिंग टेकली की हातानंच पाऊण वळसा आवळायचा. चेन पाना काढायला असतो, बसवायला नाही.

ऑइल कोणतं हे पुस्तकात लिहिलेलं असतं, बहुतेक ठिकाणी १५डब्ल्यू-४०. "आपल्या इकडं ऊन लय आहे, जाडं टाका" असं सांगणारे भेटतात. त्यातला ४० हा आकडा गरम इंजिनसाठीच असतो, कंपनीला नागपूरचं ऊन माहीत आहे. हिंगणा एमआयडीसीत ट्रॅक्टर बनतात, कुठं शिमल्यात नाही. जाड ऑइलनं जुन्या इंजिनचा धूर थोडे दिवस लपतो, एवढंच. तास मोजून बदला. बऱ्याच ट्रॅक्टरला पहिलं ५० तासांना आणि पुढं दर २५० तासांना असतं, नव्या काही मॉडेलला जास्त. पाच-सहा एकरवाल्याचे वर्षात २५० तास होतच नाहीत, त्यानं वर्षातून एकदा तरी बदलावं. आपल्या मॉडेलचं पुस्तक हरवलं असेल तर बुदनीच्या संस्थेच्या चाचणी अहवालात ऑइल किती लिटर, कोणतं आणि किती तासांनी, हे दिलेलं असतं. ही केंद्र सरकारची संस्था १९५५ पासूनची, नर्मदेकाठी, आपल्या नागपूर–भोपाळ रेल्वे लाइनवरच. तिथं शेतकऱ्यांना ट्रॅक्टर चालवायचं आणि राखायचं प्रशिक्षणही देतात. गावातल्या पोरांना पाठवण्यासारखं आहे.

एअर क्लीनरबद्दल एक शब्द. जुन्या ट्रॅक्टरला ऑइलच्या वाटीचा एअर क्लीनर असतो. गॅरेजात 'ऑइल बदललं' म्हणतात त्यात ही वाटी बहुतेक वेळा येत नाही. सोयाबीनच्या मळणीत तर ती रोज बघावी लागते, तळाशी चिखल बसतो. खुणेच्या वर भरू नका, इंजिन ते ऑइल ओढून घेतं.

सगळंच घरी करा असं मी म्हणत नाही. डिझेल पंप, नोझल, हायड्रॉलिक, यांना घरी हात लावू नये. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर सर्व्हिस डीलरकडंच करा आणि बुकावर शिक्का घ्या, नाहीतर पुढं अडवतात. पण तिथंही खुर्चीवर पेपर वाचत बसू नका, ट्रॅक्टरजवळ उभे राहा. जुना फिल्टर मागून घ्या. गिअरबॉक्समध्ये कोणतं ऑइल टाकतोय ते डब्यावर वाचा. ऑइलमध्ये बुडलेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरला तिथं साधं इंजिन ऑइल टाकलं की ब्रेक कर्र कर्र करायला लागतात, आणि दोष ब्रेकवर येतो.

घरी बदलण्यात एक अडचण मात्र खरी आहे, ती जळालेल्या ऑइलची. ते धुऱ्यावर ओतणारे आहेत, विहिरीच्या काठावर डबा पालथा करणारेही आहेत. संत्र्याच्या खोडाला वाळवीसाठी फासणारे तर आमच्याच भागात कितीतरी. मंडळी, खोडाला ऑइल लावू नका, साल श्वास घेत नाही, कोवळी साल जळते. खोडाला बोर्डो मलम लावा : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा. डिंक्यालाही तेच कामाचं. जळालेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. मी ते जुन्या डब्यात भरून झाकण लावून ठेवतो आणि वर खडूनं 'जळालेलं' लिहितो, कारण एकदा कुणीतरी तेच वाटीत टाकायला निघालं होतं. दोन-तीन डबे झाले की जुनं ऑइल गोळा करून पुढं रिफाइनिंगला देणाऱ्या डीलरच्या वर्कशॉपला नेऊन देतो. नवीन ऑइलचा रिकामा डबा मात्र भंगारात देताना खिळ्यानं भोकं पाडून देतो. तसाच दिला तर त्यात नकली ऑइल भरून तो आपल्याच तालुक्यात परत येतो.

माझं मीटर आज १,७३८ तासांवर आहे. पुढचं ऑइल १,७५० ला, पण ते बारा तास मृगात येतील, म्हणून या रविवारीच उरकतो. डबा आणि फिल्टर आणून ठेवलाय, वायसर तेवढी काटोलहून आणायची राहिली आहे.