मूळ इथलेच, तरी रुजावे लागते



आपल्या जळगाव जिल्ह्यातील केळी उत्तरेकडे थेट दिल्लीपर्यंत जाते, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पण आपली जुनी बसराई आणि आजची ग्रँड नैन ज्या घराण्यातल्या, त्या घराण्याला कॅव्हेंडिश हे साहेबी नाव कसे पडले, हे थोड्यांनाच माहीत असेल. ही रोपे मूळची दक्षिण चीनकडची. तेथून ती हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर गेली. मॉरिशसहून १८२९ च्या सुमारास चार्ल्स टेलफेअर नावाच्या गृहस्थाने ती इंग्लंडला धाडली. तिथे एका ड्यूकच्या काचघरात ती वाढली. त्या ड्यूकचे आडनाव कॅव्हेंडिश, तेच केळीला चिकटले.

आज मात्र केळीबद्दल लिहायचे नाही. त्याच बेटावर आपली मराठी माणसेही गेली होती. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांबद्दल आणि त्यानिमित्ताने आपल्याच लेकरांबद्दल चार शब्द सांगायचे आहेत.

मॉरिशस म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्याच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढा मुलूख. तिथली गुलामगिरी १८३५ मध्ये बंद व्हायची होती आणि उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडणार होते. तेव्हा हिंदुस्थानातून करारावर माणसे नेण्यास सुरुवात झाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून आलेल्या 'ॲटलास' जहाजातून पहिले ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांवर माणसे गेली. सुरुवातीच्या काळात करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि वर शिधा. मुंबई बंदरातून जी माणसे गेली त्यांत मराठी होती, विशेषतः कोकणातली. करार संपला तरी पुष्कळजण परतले नाहीत. ज्या घाटावर ही माणसे उतरली तो 'अप्रवासी घाट' २००६ पासून जागतिक वारसा म्हणून जपला जातो.

या लोकांनी तिथे काय टिकवले, ते ऐकण्यासारखे आहे. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे अजून नाचतात. शाळेत मुलांना मराठी शिकता येते, आणि मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत पुढचे शिक्षणही मिळते. घरात मात्र बहुतेकजण फ्रेंचवरून तयार झालेली क्रिओल बोलतात. यातली काही मुले भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर आपल्याकडे शिकायला येतात.

आपल्याला वाटेल, पूर्वजांच्याच भूमीत आल्यावर त्यांना अडचण ती कसली? मलाही हा प्रश्न पडायचे कारण नव्हते. पण तीन-चार वर्षांपूर्वी एक प्रकरण माझ्यापर्यंत आले.

चोपडा तालुक्यातील एका केळी उत्पादकाची मुलगी पदवीसाठी पुण्याला गेली. घराण्यात पोरीला एवढ्या लांब ठेवण्याची ही पहिलीच वेळ. दीड महिना झाला आणि तिचे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, पोरगी रोज फोनवर रडते. जेवणाच्या ताटावर बसली आणि तोंडून 'शे' निघाला की बाकीच्या पोरी हसतात. आता ती बोलतच नाही. घेऊन येतो परत. एक स्थळही सांगून आले आहे."

आपल्या अहिराणीतला 'आहे' म्हणजे 'शे'. एवढ्या एका अक्षरापायी पोरीचे शिक्षण बंद पडायची वेळ आली होती. मी म्हटले, "नाना, दिवाळीपर्यंत थांबा. दिवाळीला ती घरी येईलच, तेव्हा समोर बसवून विचारा."

त्याच सुमारास तिच्या खोलीतली दुसरी खाट भरली. कागदपत्रांपायी उशिरा पोहोचलेली मॉरिशसची मराठी मुलगी. ती मराठी शाळेत शिकलेली, म्हणून अगदी पुस्तकासारखी बोले. हिच्या 'शे'ला हसणाऱ्या मुली तिच्या पुस्तकी बोलण्यालाही हसू लागल्या. नळाला पाणी सकाळी तासभर. बादली आधी भरून ठेवायची असते हे तिला माहीत नव्हते. रश्श्याने डोळ्यांतून पाणी येई. पावसाळ्यात कपडे वाळत नसत. पण तिला सगळ्यात लागले ते वेगळेच. पुढे ती मला म्हणाली, "काका, आमच्या देशात आम्हाला मराठी म्हणतात. इथे आले तर मी मॉरिशसवाली झाले."

तिला पहिली बादली भरून दिली ती चोपड्याच्या पोरीने. ठेच्याबरोबर दही घ्यावे, कपडे रोजचे रोज धुवावेत, पंख्याखाली दोरी बांधावी, या गोष्टी तिनेच दाखविल्या. दुसरीला शिकवता शिकवता हिचे रडे कधी थांबले, ते तिलाही कळले नाही.

दिवाळीला दोघी चोपड्याला आल्या. मीही फराळाला गेलो होतो. नानांच्या घरच्या बाईंनी पाहुणीला विचारले, "तुनं नाव काय शे माय?" ती आधी गोंधळून मैत्रिणीकडे पाहू लागली. मग वही काढून तिने ते वाक्य लिहून घेतले आणि मला विचारले, "ही पण मराठीच का?" मी तिला आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींबद्दल सांगितले. ही बाई कधी शाळेत गेली नाही. शेतात आणि जात्यावर घरच्या बोलीत गाणी रचली. आज ती मुलांच्या पाठ्यपुस्तकात आहेत आणि २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव आहे. हे ऐकताना पाहुणीपेक्षा नानांची मुलगीच जास्त लक्ष देऊन ऐकत होती.

पाहुणीजवळ एका जुन्या कागदाची प्रत होती. मजुरांची जुनी दप्तरे महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेली आहेत, तिथून ती मिळवलेली. त्यात पूर्वजाचे नाव, बापाचे नाव, वय, जहाज आणि जिल्हा रत्नागिरी. गावाचे नाव मराठी न येणाऱ्या कारकुनाने कानाला लागले तसे लिहिलेले. घराण्याचे आडनाव कुठेच नाही. पूर्वजाचे पाळण्यातले नावच पुढे सगळ्यांचे आडनाव झाले. नाताळच्या सुट्टीत दोघी रत्नागिरीकडे जाऊन आल्या. तसल्या उच्चाराची गावे तीन निघाली. आपले कोणते, ते काही ठरले नाही.

वाचकहो, इथे मला आपल्या रोजच्या कामातली गोष्ट आठवते. टिश्यू कल्चरचे केळीचे रोप प्रयोगशाळेच्या बाटलीत वाढते. ते बाटलीतून काढून कोणी थेट शेतात लावत नाही. आधी दमट हवेच्या हरितगृहात, मग पिशवीत भरून शेडनेटच्या सावलीत, असे काही आठवडे त्याला बाहेरच्या हवेची सवय लावतात. तेव्हा कुठे ते मृगबागेत किंवा कांदेबागेत लावण्याजोगे होते. रोपाची जात उत्तम असते, जमीनही त्याला मानवणारी असते. तरीही मधली सावली चुकवली तर ते करपते. वसतिगृह ही तशी मधली सावली आहे. मूळ इथले आहे एवढ्याने मॉरिशसची मुलगी पुण्यात रुजली नाही, आणि पुणे आपल्याच राज्यात आहे एवढ्याने चोपड्याची मुलगीही रुजली नाही.

ही सावली माणसेच धरतात. आपल्या खानदेशाला याचा मोठा धडा मिळालेला आहे. साने गुरुजी मूळचे कोकणातल्या पालगडचे. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि तिथले छात्रालय सांभाळू लागले. मुलांची अंथरुणे आवरणे, खोल्या झाडणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे हे त्यांनी स्वतः केले. परमुलखातून आलेल्या त्या माणसाने आपल्या पोरांना घर दिले. मी धुळ्याला कृषी महाविद्यालयात होतो तेव्हा माझ्या खोलीत सातपुड्यातला एक पावरा मुलगा होता. त्याचीही बोली निराळी. पहिल्या महिन्यात त्याच्याशी कोण बोलते, यावरच तो टिकणार की नाही हे ठरणार होते.

म्हणून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. लेकराला वसतिगृहात ठेवण्याआधी त्याला कपडे धुणे, ताट घासणे आणि पैशांचा हिशेब लिहिणे घरीच शिकवा, मुलगा असो वा मुलगी. पहिल्या महिन्यात रडण्याचा फोन आला की लगेच गाडी काढू नका. पण रडणे थट्टेवारीही नेऊ नका. खायला मिळते का, कोणी त्रास देते का, आजारी आहे का, हे नीट विचारा. त्रास खरा असेल तर स्वतः जाऊन वसतिगृहाच्या प्रमुखांना भेटा. शिदोरी देताना दोघांची द्या, म्हणजे खोलीतल्या सोबत्याशी ओळख होते. घरच्या बोलीची लाज धरायला शिकवू नका. आणि सोबती लांबचा असेल, सणाला घरी जाऊ शकत नसेल, तर त्याला एकदा गावी बोलवा. उद्या आपली नातवंडे परदेशात जन्मतील आणि मोडके मराठी बोलत याच मुलखात येतील. त्यांनाही कोणाच्या तरी दारात 'ये माय' असा शब्द ऐकायचा असेल.

नानांची मुलगी गेल्या वर्षी पदवीधर झाली. ते स्थळ दुसरीकडे जुळले, नाना म्हणाले, "जाऊ द्या, पोरगी शिकली ना." मॉरिशसची मुलगी आता आपल्या बेटावर शाळेत मराठी शिकवते. तिकडे कोणी तिला विचारले, की तुमचे महाराष्ट्रातले गाव कोणते, तर ती बिनदिक्कत चोपड्याचे नाव सांगते.