नाहे नदीच्या काठी, शिकायला

फ्रँकफर्ट विमानतळाच्या खालीच रेल्वेचं स्थानक आहे. तिथून सारब्र्युकेनकडे जाणारी गाडी धरली आणि खिडकीला नाक लावून बसले. माइन्झच्या अलीकडे ऱ्हाईन लागली. तिचं पाणी आणि त्यावरून संथपणे चाललेली मालवाहू जहाजं बघून लातूरची कुठलीही मुलगी बघत राहील, तशीच मी बघत राहिले. पुढे बाड क्रॉयत्स्नाखच्या आसपास द्राक्षांचे मळे सुरू झाले. मग दोनशे मीटर उंचीचा रोटेनफेल्सचा तांबूस कडा गाडीच्या अंगावर आल्यासारखा उभा राहिला. तिथून नाहे नदीची सोबत सुरू झाली. नदी कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मध्येच बोगदा, बोगद्यातून बाहेर पडलं की पुन्हा पूल आणि पुन्हा तीच नदी.

नॉयब्र्युके स्थानकावर उतरले तेव्हा सप्टेंबर सरत आला होता. गाडी निघून गेल्यावर फलाटावर आम्ही चारदोन विद्यार्थी उरलो. समोर डोंगरउतारावरचं जंगल आणि हवेत ओल्या लाकडाचा वास. हे होपस्टेटन-वायर्सबाख नावाचं गाव, वस्ती तीनेक हजारांची. इथेच ट्रियरच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठाचा 'उमवेल्ट कॅम्पस' आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने इथे रुग्णालय बांधलं होतं. सैन्य गेल्यावर त्या इमारती पाडल्या नाहीत. १९९६ पासून तिथे पर्यावरणाचं शिक्षण दिलं जातं.

खोली लहान होती, पण उबदार. ही ऊब कुठून येते हे मला दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात कळलं. ओट्याखाली कचऱ्याचे चार डबे होते: कागद, पॅकिंगचं प्लास्टिक, ओला कचरा आणि उरलेलं सगळं. कांद्याची सालं हातात घेऊन उभी होते, तेव्हा तिथली जुनी विद्यार्थिनी म्हणाली, "ती तपकिरी डब्यात टाक, त्यावरच आपले हीटर चालतात." कॅम्पसच्या शेजारीच घराघरांतल्या ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस करणारा प्रकल्प आणि टाकाऊ लाकूड जाळणारं वीज-उष्णता केंद्र आहे. तिथे तापवलेलं पाणी जमिनीखालच्या नळांतून आमच्या इमारतींत येतं. पावसाचं पाणी टाक्यांत साठवून शौचालयांना वापरतात.

हे ऐकताना मला आमचं लातूर आठवलं. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली, तेव्हा मी शाळेत होते. घागरींच्या रांगा, टँकरभोवतीची भांडणं, पाणी भरायचं म्हणून बुडलेली शाळा, सगळं बघितलेलं. पर्यावरण हा विषय मी तेव्हाच निवडला असं म्हणायला हरकत नाही. त्यामुळे छतावरचं पाणी वाया न घालवणारी इमारत बघितल्यावर वाटलं, आपण योग्य ठिकाणी आलो.

पहिले दिवस कागदपत्रांतच जातात. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला दाखला लागतो. मग आरोग्य विमा, मग बँक. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच एका खात्यात अडकवून ठेवलेले असतात. त्यातून दरमहा ९९२ युरोच हाती येतात. वडिलांनी त्यासाठी काय काय केलं हे मला ठाऊक आहे, म्हणून पावाच्या लादीची किंमतही दोनदा वाचायची सवय लागली. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकल्या की प्रत्येकी २५ सेंट परत मिळतात. इथे कोणी बाटली रस्त्यावर का टाकत नाही, हे ते यंत्र बघून समजलं.

रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारीच डाळ-तांदूळ भरून ठेवायचे. पहिल्या रविवारी मैत्रिणींबरोबर जवळच्या इडार-ओबरश्टाइनला गेले. गावावर कड्याच्या पोटात, १४८४ साली पूर्ण झालेलं चर्च आहे. त्याच्या पायऱ्या चढून गेलं की खाली सगळी दरी दिसते. हे गाव रत्नं घासणाऱ्यांचं. जुन्या काळी ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या मोठ्या दगडी चाकांपुढे कारागीर पालथे पडून अकीक घासत. इथला दगड संपत आला, तेव्हा ब्राझीलला गेलेल्या गावकऱ्यांनी तिकडून अकीक पाठवला आणि धंदा तगला. पोटासाठी दूरदेशी गेलेली माणसं गावाला अशी उपयोगी पडतात, हे वाचून माझा ऊर भरून आला.

रोज संध्याकाळी खोलीवर परतताना आमच्या होपस्टेटन-वायर्सबाखमधल्या एक आजी फाटकाशी भेटत. पहिल्या दिवशी नुसता नमस्कार-चमत्कार, दुसऱ्या दिवशी नाव विचारलं, तिसऱ्या दिवशी झाडाची सफरचंदं ओंजळीत. माझी जर्मन मोडकीतोडकी, त्यांची इंग्रजी त्याहून कमी, पण संवाद अडला नाही. आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस का गं?" तेव्हा तिला सांगायला ही सफरचंदं होती.

परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे: विद्यापीठ खेड्यात आहे म्हणून प्रवेश सोडू नका. शहराच्या मानाने खोलीचं भाडं कमी पडतं, भाषा लवकर कानात बसते आणि माणसं तुमचं नाव लक्षात ठेवतात. निघण्यापूर्वी कामापुरती तिथली भाषा शिका, गाड्यांचं वेळापत्रक बघा आणि गरम कपडे सामानात वरच ठेवा. बाकी सगळं गाव शिकवतं.