पाऱ्याला बांधणारा कोळसा

वायूतला पारा काढणारा कोळसा विकत घेताना तो किती पारा शोषतो हे विचारलं जातं. शोषलेला पारा तो पुन्हा सोडतो का, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. करवंटीच्या साध्या ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या एका ग्रॅमात हजारएक चौरस मीटर पृष्ठभाग असतो. सुरुवातीला तो पारा धरतोही, पण ती पकड वरवरची. वायू तापला की धरलेलं सुटतं. म्हणून कोळशाला गंधक मुरवतात. रसशाळेत पारा आणि गंधक खलात घोटून काळी कज्जली करतात. पाण्याच्या थेंबात घोळवून उन्हात धरली तरी एकही कण चमकला नाही, म्हणजे ती निश्चंद्र झाली, मोकळा पारा संपला. कोळशाच्या छिद्रांत हाच संयोग होतो. मात्र वायू ओला असला तर छिद्रं पाण्याने बुजतात, आणि ११५ अंशांच्या आसपास गंधकच वितळू लागतं. त्यामुळे भट्टीच्या गरम धुरात ब्रोमीन मुरवलेली कोळशाची भुकटी सोडतात आणि पुढच्या फिल्टरमध्ये ती अडवतात.

शिरवळसारख्या औद्योगिक पट्ट्यात यावर पहिला आक्षेप खर्चाचा येईल: वायू थंड आहे, पारा कुठे दिसत नाही, मग महागडा कोळसा कशाला? पण २० अंशांना पाऱ्याच्या वाफेने भरलेल्या एका घनमीटर हवेत सुमारे १३ मिलिग्रॅम पारा असतो, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. केंद्र सरकारच्या २०१५ च्या अधिसूचनेत नव्या औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरासाठी मर्यादा आहे घनमीटरमागे ०.०३ मिलिग्रॅमची. अल्जीरियात स्किक्दा इथे १९७३ मध्ये नैसर्गिक वायूतल्या अशाच न दिसणाऱ्या पाऱ्याने ॲल्युमिनियमचा उष्णता-विनिमयक निकामी केला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हवेतलं विष गोणीत भरलं, एवढंच ना? गंधकाशी बांधलेला पारा पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, हा फरक मोठा आहे. उल्हास नदीच्या खाडीतल्या गाळात कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांचा पारा राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी मोजला आहे. एकदा पाण्यात गेलेला पारा गोळा करता येत नाही. शिरवळला तर नीरा नदी उशाशी आहे आणि खाली वीर धरण. पण वापरलेला कोळसा इंधन समजून बॉयलरमध्ये टाकला, की गंधक जळतं आणि सगळा पारा चिमणीतून मोकळा होतो. वापरलेला कोळसा झाकणबंद पिंपात, वजन आणि तारीख लिहून, रांजणगावसारख्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्रातच गेला पाहिजे. त्या वाहतुकीचा खर्च कोळशाच्या खरेदीच्या दिवशीच हिशेबात धरावा.