विणीचं वजन

पैठणला नाथांचं दर्शन झालं की माझी पावलं आपसूक मागाकडे वळतात. संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटर, फार सबबी शोधाव्या लागत नाहीत. विणकर ताण्यातून तिल्ल्या फिरवत असतो. मोराचा निळा संपून शेजारचा रंग सुरू होतो, त्या सीमेवर दोन्ही धागे एकमेकांत अडकवलेले. म्हणून पैठणी उलटी केली तरी मोर तसाच. आमच्या शहरातल्या हिमरूचं तसं नाही. त्याच्या पाठीला मोकळे धागे असतात.

मोकळा धागा म्हटलं की मला क्वार्क आठवतात, कारण तिथे तो नाहीच. प्रोटॉनातल्या तीन क्वार्कांच्या एका गुणाला भौतिकशास्त्रज्ञांनी ‘रंग’ असं नाव दिलं. हा काही डोळ्यांना दिसणारा रंग नव्हे. विजेचा भार दोन तऱ्हांचा, तसा हा तीन तऱ्हांचा. तिन्ही जमले की बेरीज बिनरंगी. एकटा, रंगीत क्वार्क आजवर कुणाला गवसलेला नाही.

विजेचे दोन भार लांब नेले की त्यांचं क्षेत्र चहूकडे पांगतं, ओढ ओसरते. रंगाचं क्षेत्र पांगत नाही, दोरीसारखं आवळून राहतं. अंतर वाढलं तरी ओढ तेवढीच, सुमारे 16 टन वजनाएवढी! फारच ताणलं तर दोरी तुटते. पण ताणण्यात खर्ची पडलेल्या ऊर्जेतूनच तुटल्या टोकांना नवा क्वार्क आणि प्रतिक्वार्क येऊन बसतात. टोक मोकळं राहतच नाही.

हे गणित कागदावर सुटेना, तेव्हा 1974 साली केनेथ विल्सन यांनी जणू माग मांडला. स्थळ-काळाची जाळी: गाठींवर क्वार्क, गाठी जोडणाऱ्या दुव्यांवर रंगक्षेत्र. क्वार्कांची जोडी निर्माण करून, काळातून पुढे नेऊन मिटवली की जाळीवर बंद चौकट उमटते. ओढ प्रबळ असताना हिशेब चौकटीच्या काठांचा राहत नाही, आतल्या क्षेत्रफळाचा होतो. दोन काठांमधलं अख्खं वस्त्र घराघरानं विणावं लागतं. काठ जितके लांब, तितकी किंमत जास्त.

पुढे हा माग संगणकावर चालू लागला. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता यांनी अशाच जाळीवर तापलेल्या क्वार्कद्रव्याचा अभ्यास केला. दोन लाख कोटी अंशांच्या आसपास ही वीण उसवते. जाळी मात्र निसर्गात नाही. घरं बारीक बारीक करत जायचं आणि शेवटी कापड मागावरून उतरवायचं.

इथवर उपमा निमूट सोबत येते. मग कुणीतरी तराजू काढतो. पैठणीचं वजन म्हणजे रेशीम अधिक जर. विणकराच्या महिनोन्महिन्यांच्या विणीनं त्यात गुंजभरही भर पडत नाही. प्रोटॉनचं वस्तुमान 938 एकक, आणि तिन्ही क्वार्कांचं मिळून जेमतेम नऊ. बाकीचं सगळं त्या आवळलेल्या क्षेत्राचं आणि आतल्या धावपळीचं.

विणकर तिल्ली पुढे सरकवतो. तिच्यावरचं रेशीम, मागाचं लाकूड, त्याचा हात: तराजूत घातलं तर काट्याला कळते ती बहुतेक वीणच.