सीडीचं खरं नाव

मराठी घरात लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी लावायची पद्धत नाही. कुठली कैरीची आणि कुठली लिंबाची, हे भरणाऱ्या माणसाला ठाऊक असतं, तेवढं पुरतं. पुढे घराघरांत संगणक आले आणि सीडींच्या बाबतीत आपण हाच शिरस्ता चालू ठेवला. कुठल्याही घरातला बिस्किटांचा जुना डबा उघडून पाहा. आत मार्करने लिहिलेल्या सीड्या सापडतील: ‘विंडोज’, ‘विंडोज नवीन’, ‘विंडोज नवीन (चालते)’. ही ‘नवीन’ कुठल्या साली नवीन होती, ते लिहिणाऱ्याबरोबर गेलं.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या नानांच्या डब्यात अशा सात निघाल्या. नाना निवृत्त झाल्यापासून घराण्याचा कुलवृत्तांत लिहिताहेत. अकरा पिढ्या, चौदा वर्षांचं काम, आणि सगळं एका जुन्या मराठी फाँटात टाइप केलेलं. तो कार्यक्रम विंडोज एक्सपीखेरीज कुठेच चालत नाही. एका सकाळी नानांच्या पडद्यावर काळोख पसरला आणि त्यात चार पांढऱ्या ओळी उमटल्या. दुकानातला मुलगा येऊन बघून गेला. म्हणाला, “आजोबा, फॉरमॅट मारू.”

अकरा पिढ्या एका दुपारी मारायला निघालेला तो पहिलाच. काकूंनी त्याला चहा देऊन परत पाठवलं आणि मला बोलावलं. मी एकदा सोसायटीच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला होता. तेव्हापासून इमारतीत मला संगणकतज्ज्ञ समजतात.

मारण्याखेरीज दुसरा उपाय होता. एक्सपीच्या सीडीतच दुरुस्तीची सोय असते. आतलं लिखाण जागच्या जागी ठेवून ती फक्त विंडोज नीट करते. पण सीडी जुळणारी हवी. नानांच्या डब्याला, म्हणजे संगणकाच्या, चिकटलेल्या कागदावर ‘होम एडिशन’ असं छापलेलं होतं आणि खाली पंचवीस अक्षरांची किल्ली होती. होमची किल्ली प्रोफेशनलला लागत नाही. यंत्राबरोबर आलेली किल्ली दुकानातून वेगळ्या विकत घेतलेल्या सीडीला चालत नाही. सोयरीक जमवताना आमच्या आत्यानेसुद्धा इतके नियम लावले नव्हते.

“आता सातांतली कुठली?” नाना म्हणाले.

मी माझ्या यंत्रात एकेक सीडी घालून बघायला लागलो. ‘विंडोज नवीन’मध्ये भावगीतं निघाली. ‘विंडोज’ घातल्यावर पडद्यावर तिचं नाव आलं: जीआरटीएमपीव्हीओएल_ईएन. हे मोठ्याने वाचताना नानांची कवळी हलली. पण नाव उलगडत गेलं की कळतं. पी म्हणजे प्रोफेशनल, व्हीओएल म्हणजे कचेऱ्यांना घाऊक दिलेली, ईएन म्हणजे इंग्रजी. ही बाद.

पण हे नावसुद्धा कॉपी करणारा बदलू शकतो. म्हणून आणखी आत जायचं. एक्सपीच्या सीडीत, बाहेरच्या ओसरीवरच, ‘विन५१’ नावाची एक छोटीशी फाइल पडलेली असते. एक्सपी हे बारशाचं नाव. आतला क्रमांक ५.१. शेजारी ‘विन५१आयपी’ दिसली तर प्रोफेशनल, ‘विन५१आयसी’ दिसली तर होम. मागे ‘एसपी२’ लागलं असेल तर २००४ सालची दुसरी डागडुजी झालेली, ‘एसपी३’ असेल तर २००८ची तिसरी. मग ‘आय३८६’ या खोलीत ‘सेटअप्‌पी.आयएनआय’ उघडायची. त्यात ‘पीआयडी’च्या ओळीची शेवटची तीन अक्षरं बघायची. २७० असेल तर घाऊक, ‘ओईएम’ असेल तर यंत्राबरोबर आलेली.

नाना एकदम खुर्चीत पुढे सरकले. “म्हणजे वरच्या नावावर जायचं नाही, वही उघडायची! अरे, मी चौदा वर्षं दुसरं काय करतोय?”

खरंच होतं. नानांच्या घराण्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवायची चाल. नारायण गोविंद, गोविंद नारायण, पुन्हा नारायण गोविंद. फोटोंच्या मागे नुसतं ‘गोविंदराव’. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या उघडून, कोण कुठल्या साली कुणाचं श्राद्ध करायला आला होता ते बघून, नानांनी पाच गोविंद वेगळे केले होते.

मी म्हटलं, “नाना, या घराण्यातही घोळ आहे. विंडोज ७ आतून स्वतःला ६.१ म्हणवते. विंडोज ११ अजून १०.० सांगते. बांधणीचा क्रमांक २२००० किंवा त्यापुढचा दिसला की घरगुती यंत्रापुरती ती अकरा समजायची.”

“त्यात काय,” नाना म्हणाले, “माझा जन्म श्रावणातला, शाळेच्या दाखल्यावर १ जून.”

नव्या डीव्हीडीत तर एकत्र कुटुंबच नांदतं. ‘सोर्सेस’ खोलीत ‘इन्स्टॉल.विम’ नावाचं गाठोडं असतं, त्यात होम, प्रो अशी भावंडं एकाच छपराखाली. ‘डिसम’ला ‘गेट-विमइन्फो’ म्हणून विचारलं की ती क्रमांकासकट सगळ्यांची हजेरी घेते.

आमची नवरी सहावी निघाली. वर मार्करने लिहिलं होतं, ‘खराब’. आत मात्र विन५१आयसी, एसपी२, ओईएम. दुरुस्तीला तास लागला. त्या तासात नानांनी तीनदा कुलदेवतेचं नाव घेतलं आणि दोनदा दुकानातल्या मुलाचं. मग पडदा उजळला, जुना फाँट उघडला आणि पाचही गोविंद आपापल्या जागी हजर होते. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ला बंद केली, म्हणून त्या यंत्राला इंटरनेटची तार लावायची नाही, असं ठरवलं. त्याच संध्याकाळी सगळी पानं छापून काढली.

नानांनी ‘खराब’ खोडून सीडीवर तिचं तीन पिढ्यांचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं. कुलवृत्तांत आता छापखान्यात आहे. ऋणनिर्देशात मीही आहे. नाना इतकी वर्षं मला नुसतं ‘बाळ’ म्हणतात, तेव्हा आडनाव त्यांनी आमच्या दारावरच्या पाटीवरून उतरवून घेतलं. ती पाटी आधीच्या भाडेकरूंची आहे.