आधी डोंगर, मग समुद्र : ओमानची सफर

कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यांना मस्कत हे नाव नवे नाही. घरटी कोणी ना कोणी तिथे नोकरीला असतो. पण तिकडून घरी येतो तो पगार, खजूर आणि अत्तर. तिथल्या गुहा आणि समुद्राचा तळ पाहून आलेले लोक क्वचितच भेटतात. आमचे दीर मस्कतला असतात. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या गाडीतून आम्ही चौघे आणि ते, असे पाच जण या सफरीला निघालो.

बेत आखताना एक नियम पक्का केला : आधी डोंगर, मग समुद्र. पाण्याखाली खोलवर श्वास घेताना हवेतला नायट्रोजन जास्त प्रमाणात शरीरात विरघळतो. त्यानंतर लगेच उंच डोंगरावर किंवा विमानात गेले तर त्याचे बुडबुडे होतात आणि जिवावर बेतू शकते. म्हणून बुडी शेवटी ठेवली आणि तिच्यानंतरचा पूर्ण दिवस मोकळा ठेवला.

पहिला मुक्काम निझवाजवळची अल हूता गुहा. मस्कतहून दोन तासांचा गुळगुळीत रस्ता. गाडी मात्र उजव्या बाजूने चालवायची. गुहा सुमारे साडेचार किलोमीटर लांब आहे, पैकी पाचशे मीटरच पाहता येते. आतल्या तळ्यात आंधळे मासे आहेत. पिढ्यान्पिढ्या अंधारात राहून त्यांचे डोळे निकामी झाले. बाहेर जबल शम्स हा सुमारे ३००० मीटर उंचीचा डोंगर उभा आहे. त्याच्या खडकात समुद्री शिंपल्यांचे ठसे सापडतात. हा डोंगर एकेकाळी समुद्राचा तळ होता. त्याच चुनखडीला पावसाच्या पाण्याने कोरून गुहा केल्या.

पूर्वेकडच्या सलमा पठारावर ‘मजलिस अल जिन्न’ आहे. १९८३ साली पाण्याचे साठे शोधणाऱ्यांना ही गुहा सापडली. छत १२० मीटर उंच आणि आत जायची वाट छताच्या भोकातून, दोराने. परवानगीशिवाय तिथे उतरता येत नाही. नाव ऐकूनच धाकट्याने चाचूंचा हात घट्ट धरला, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

मग सूरच्या किनारी रस्त्याला लागलो. वाटेत बिम्मा इथे जमिनीत एक मोठा खड्डा आहे आणि त्याच्या तळाशी हिरवे-निळे पाणी. इथे तारा पडला, असे जुने लोक सांगतात. खरे तर खालची चुनखडी विरघळून छत कोसळले. पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडले की बारीक मासे पायाला गुदगुल्या करतात.

खरी कसोटी होती वादी शाबची. छोट्या होडीतून पलीकडे जायचे, दगडधोंड्यांतून पाऊण तास चालायचे, मग एकामागून एक डोह पोहून पार करायचे. शेवटी खडकात जेमतेम डोके जाईल एवढी फट. तिच्यातून पोहत गेले की आत गुहा आणि धबधबा. ज्याला पोहता येत नाही त्याने पहिल्या डोहापाशीच थांबावे. आमची मुलगी पंधरा वर्षांची. तिला पोहायला घातले तेव्हा मोहल्ल्यात कुजबुज झाली होती, ‘मुलीच्या जातीला हे कशाला?’ तेव्हा नानीच म्हणाल्या होत्या, “खाडीकाठी राहायचं आणि पाण्याला भ्यायचं?” आता मुलगी म्हणाली, “अब्बा, तुम्ही माझ्या मागून या.” दोघे वळणाआड दिसेनासे झाले. धाकट्याला घेऊन आम्ही काठावर बसलो. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहत होतो, मनात दुआ चालू होती. बऱ्याच वेळाने वळणावरून तिची हाक घुमत आली, “अम्मी, आत धबधबा आहे!” तेव्हा कुठे आमचा श्वास मोकळा झाला.

शेवटी दैमानियात बेटे. ही नऊ बेटे १९९६ पासून राखीव आहेत. विणीच्या काळात कासवांना त्रास होऊ नये म्हणून तिथे उतरायला मनाई असते. बाई प्रशिक्षक हवी, असे आधीच कळवले होते, तशी मिळाली. पोशाखाचा प्रश्न आला नाही, कारण बुडीचा रबरी पोशाख मानेपासून घोट्यापर्यंत असतो. प्रशिक्षिकेने दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या : पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही आणि कान दुखण्याआधीच नाक दाबून हवा फुंकायची. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. मुलगी खाली गेली आणि हिरव्या कासवाच्या शेजारून पोहून आली. आम्ही वरून, काचेचा मुखवटा लावून, दोघांनाही पाहिले.

जाणाऱ्यांना दोन सूचना. ढग दिसले तर वादीत शिरू नका, पूर अचानक येतो. आणि विमानाचे तिकीट काढण्याच्या वर्षभर आधी मुलांना पोहायला शिकवा. मुलींना आधी.