जांभळी चौकट

मावशीच्या फ्रिजवर मॅग्नेटखाली माझं कात्रण लावलेलं होतं. ‘जांभूळ खा, कॅन्सर पळवा!’ चारशे शब्दांची चौकट, डेडलाइनच्या आधी तासाभरात पाडलेली. मथळा मी दिला नव्हता, असं आता म्हणणं सोपं आहे. पण बदला, असंही म्हटलं नव्हतं.

मावशीला मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन झालेलं, केमो सुरू व्हायची होती. चहाचा कप हातात देत म्हणाली, “अगं, महिनाभर जांभळाचा रस घेऊन बघते. केमोचं मग बघू. तूच लिहिलंयस ना?”

पोटात गोळाच आला.

न वाचताच चौकटीत ढकललेला तो अभ्यास त्या रात्री मी पहिल्यांदा नीट वाचला. २००७ मधला, अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचा. जांभळा मका, बिलबेरी, चोकबेरी, मुळा वगैरेंमधली अँथोसायनिन्स, म्हणजे आपली जीभ जांभळी करणाऱ्या रंगद्रव्यांचंच खानदान, वेगळी काढून आतड्याच्या कॅन्सरपेशींवर टाकली. पेशींची वाढ मंदावली. सगळ्यांत जालीम ठरला जांभळा मका. इथवर सगळं खरं. पण त्या पेशी काचेच्या बशीत होत्या, मावशीच्या पोटात नव्हत्या. आणि जांभळाचं तर त्यात नावही नव्हतं! ते मी घुसडलं होतं, मराठी वाचकाला जवळचं वाटावं म्हणून.

बशीतल्या पेशींना रंगाची थेट आंघोळ घालता येते. आपण गिळलेला रंग मात्र वाटेत टिकत नाही. जांभळाच्या रसात चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा, निळा-हिरवट होतो. आम्लात लालबुंद असणारं हे द्रव्य आम्लता घटली की बदलतं, मोडतं. रक्तात पोचतं ते अगदी थोडं. बराचसा भाग आतड्यात उरतो, तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात. म्हणूनच तर संशोधकांची नजर आतड्याच्या कॅन्सरवर! उंदरांवरही प्रयोग झालेत, त्यांच्या खाण्यात ब्लॅक रासबेरीची पूड होती ५ ते १० टक्के. आपण जांभळं खातो किती, तर जूनमध्ये, द्रोणभर.

दुसऱ्या दिवशी मावशीबरोबर डॉक्टरांकडे मीही गेले. कात्रण मीच पुढे केलं, कान लाल करून. ते हसले नाहीत. म्हणाले, “जांभळं खा खुशाल. अर्क, कॅप्सूल काही नको. केमो ठरल्या तारखेलाच.”

तशीच झाली. कात्रण मात्र मावशी काढू देत नाही. “राहू दे गं, तुझं नाव छापून आलंय.” मी मथळ्यावर दुधाच्या हिशेबाचा कागद लावून आलेय.